जुन्या लष्करी जीपला प्रायमर पंप बसवायचा असेल तर

जांबोटीकडच्या एका तरुणाने विचारलं आहे. आजोबांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली १९४४ ची विलीज एमबी जीप घरात आहे. इंजिन मूळचंच, वायरिंग मात्र मध्ये कधीतरी १२ व्होल्टचं करून घेतलेलं. रोज चालवली की पाय ठेवताच सुरू होते. पंधरा दिवस उभी राहिली की बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो. बेळगावात एकाने सांगितलं, इलेक्ट्रिक प्रायमर पंप टाक, म्हणजे सेल्फ मारायच्या आधीच पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणारा पंप, काम संपलं. आता कोणता पंप घ्यायचा, कुठे बसवायचा आणि मूळ गाडीला धक्का न लावता हे जमेल का, असा प्रश्न आहे.

जमेल. मी स्वतः ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, नोकरी करून आलो, त्यानंतरची सगळी वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत याच गाड्यांखाली गेली. एमबी, जोंगा, निसान वन टन, अशा सगळ्या लष्करी गाड्यांना असे पंप बसवलेत. पण पंप विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या जीपचं पेट्रोल आज टाकीपासून इंजिनापर्यंत ओढलं जातं. मागे इलेक्ट्रिक पंप आला की ते ढकललं जाणार. ओढणारी लाईन आणि ढकलणारी लाईन यांचे दोष वेगळे असतात. जो जॉइंट इतकी वर्षं गुपचूप हवा ओढत होता, तोच उद्या पेट्रोल गाळायला लागेल. पुढचं सगळं त्यासाठीच सांगतोय.

आधी पेट्रोल जातं कुठे ते बघू. इंजिनाला चिकटलेला जो मेकॅनिकल पंप आहे, त्याला आपल्याकडे सगळे एसी पंप म्हणतात. हा एसी थंड हवेचा नव्हे, आल्बर्ट चॅम्पियन या माणसाच्या नावाची ती आद्याक्षरं. इंजिनातल्या कॅमशाफ्टचा एक्सेंट्रिक, म्हणजे त्यावरचं मध्यापासून सरकलेलं चाक, पंपाची दांडी हलवतो, दांडी आतला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, खाली ओढते आणि स्प्रिंग तो वर ढकलते. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे सेल्फवर इंजिन मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे घेत असेल तर पंपाचे ठोके जेमतेम पन्नास-साठ पडतात. त्या ठोक्यांवर ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीतून अख्ख्या लाईनमधली हवा काढून कार्बोरेटरची वाटी, म्हणजे त्याच्यातली पेट्रोल साठवायची जागा, भरायची. तोवर स्टार्टर बॅटरीतून शंभराच्या वर अँपिअर खात असतो. हेच काम एक-दोन अँपिअरचा छोटा पंप दहा सेकंदांत करतो. तुमची मागणी रास्त आहे ती यामुळे.

त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो आणि टाकीत परत येतो. ही जीप घडवताना या इंधनाचा विचार केलेला नव्हता. पेट्रोलमधले हलके घटक वाटीतून उडून जातात, मागे राहतं ते थंड इंजिनात लवकर पेट घेत नाही. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ओलाव्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. पत्रा तिथूनच गंजतो, आणि पंपाकडे जाणाऱ्या पाईपचं तोंडही तिथेच असतं.

आता तपासणी. मेडिकलमधून ५० मि.ली.ची सिरिंज आणा. गाडी पंधरा दिवस उभी राहू द्या. मग सेल्फ न मारता कार्बोरेटरला येणारा पाईप सोडवा, आणि कार्बोरेटरच्या त्या तोंडातून सिरिंजने हळूहळू चाळीसेक मि.ली. पेट्रोल आत सोडा. वाटी रिकामी असेल तर फ्लोट, म्हणजे आतला तरंगता डबा, खाली असतो, पेट्रोलची वाट बंद करणारी सुई उघडी असते, पेट्रोल आपोआप आत उतरतं. पाईप परत घट्ट लावा, सांडलेलं पुसा, दोन मिनिटं वास उडू द्या, चोक ओढा आणि सेल्फ मारा. एअर क्लीनर काढून थेट कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ओतायची जी सवय आपल्या गॅरेजांत आहे, ती मोडा. एक बॅकफायर आला की आग तोंडाकडे येते. भुवया जळालेली माणसं मी पाहिली आहेत.

इंजिन सुरू होऊन चालूच राहिलं, तर नुसती वाटीच सुकली होती. लाईन भरलेली आहे, एसी पंप ठीक आहे. उभ्या गाडीचा हा स्वभावच, इथे प्रायमर पंप अगदी योग्य. पण सुरू झालं, अर्धा-पाऊण मिनिट चाललं आणि मेलं, तर लाईनही रिकामी आहे. पेट्रोल टाकीकडे परत उतरतंय. म्हणजे एसी पंपाच्या आतले व्हॉल्व धरत नाहीत, किंवा कुठेतरी गाडी एअर घेतेय, म्हणजे पेट्रोलच्या लाईनमध्ये बाहेरची हवा शिरतेय. ही गाडी आधी दुरुस्त करायची, पंप नंतर.

एअर शोधायला एसी पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घाला आणि इंजिन चालू ठेवून बघा. एखादा बुडबुडा दिसला तर चालतं. मण्यांची माळ सरकल्यासारखे सतत दिसले तर मागे भोक आहे. ते बहुतेक वेळा पुढच्याच ठिकाणी सापडतं: पंपावरच्या किंवा फिल्टरवरच्या वाटीचं कडक झालेलं पॅकिंग, चासीला घासून झिजलेला पाईप, आणि फ्लेक्झिबल होजचा आतून सुटलेला थर. नळी काम झालं की लगेच काढा, साधं प्लॅस्टिक पेट्रोलमध्ये आठवडाभरात लाकडासारखं होतं. टाकीचं झाकणही बघा. गाडी चालवून आल्यावर झाकण उघडताना फुस्स करून हवा आत ओढली जात असेल, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. त्याच्यापुढे कुठलाच पंप टिकणार नाही.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा तो एसी पंपाचा डायफ्राम. नोकरीतून बाहेर पडल्यावर सुरुवातीच्या वर्षांत खानापूर भागातली एक जीप माझ्याकडे आली होती. मालकाने दुसरीकडे इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला होता, गाडी छान सुरू होत होती, म्हणून कुणी पुढे बघितलं नव्हतं. तक्रार एवढीच की ऑईल प्रेशर कमी दाखवतंय. मी डिपस्टिक ओढली तर ऑईल खुणेच्या बोटभर वर. जीपला ऑईल वाढत नाही, कमी होतं. ते थेंब बोटांवर घेतले तर चिकटपणाच नाही, पाण्यासारखं घसरलं, आणि नाकाशी नेलं तर सरळ पेट्रोल. एसी पंपाचा डायफ्राम फाटला होता. पूर्वी फाटलेल्या डायफ्रामने नीट ओढलं नसतं, गाडी अडखळली असती, मालकाला कळलं असतं. मागून इलेक्ट्रिक पंप ढकलत असल्याने कार्बोरेटरलाही पेट्रोल मिळत होतं आणि फाटलेल्या फटीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑईल असतं त्या इंजिनाच्या खालच्या भागातही उतरत होतं. बेअरिंगं गेली. तेवढ्यावर निभावलं म्हणायचं, कारण क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ कोंडणं म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

म्हणून नियम असा: इलेक्ट्रिक पंप लाईनमध्ये घालायच्या आधी एसी पंप उघडायचा, डायफ्राम आणि व्हॉल्व नवे घालायचे. जुन्या साठ्यातलं लष्करी किट मिळालं तर आनंद होतो, पण त्यातला रबरी कापडाचा डायफ्राम ७०-८० वर्षांचा असतो आणि इथेनॉलसाठी बनलेलाच नसतो. इथेनॉल चालेल असं विक्रेता स्पष्ट सांगेल तेच किट घ्या. त्यानंतर आयुष्यभर, बटण दाबायच्या दिवशी डिपस्टिकचा वास घ्यायचा.

पंप कोणता? दुकानात पहिल्यांदा दाखवतील तो इंजेक्शन गाडीचा असेल, ४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) किंवा त्याहून जास्त दाबाचा. तो हातातही घेऊ नका. तुमच्या इंजिनाचा एसी पंप दीड ते अडीच पीएसआय देतो, कार्टरच्या कार्बोरेटरची सुई तेवढ्याच दाबाला बसते. तुम्हाला जास्तीत जास्त तीन पीएसआयचा, टकटक वाजणारा छोटा प्लंजर पंप हवा. बाजारात चार ते सातचा सहज मिळतो आणि दुकानदार चालतो म्हणतो. चालत नाही. सुई उचलली जाते, पेट्रोल वाटीतून उतू जातं, आणि याच बाजूला खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा नळ आहे. जास्त दाबाचाच मिळाला तर पुढे रेग्युलेटर घाला आणि गेज लावून दीड-दोनवर आणा, अंदाजाने नाही.

दुसरी गोष्ट विकत घेतानाच तपासा. पंप बंद असताना त्याच्यातून पेट्रोल पुढे जातं का? तोंडाने हलकं फुंकून बघा. प्लंजरच्या पंपातून बाणाच्या दिशेने हवा जाते, उलटी जात नाही. आपल्याला नेमकं हेच हवं: सुरू झाल्यावर पंप बंद, एसी पंप त्याच्यातूनच ओढत राहणार, आणि उभ्या गाडीत पेट्रोल टाकीकडे परत उतरणार नाही. फिरत्या पात्यांचा पंप बंद असला की वाट अडवतो. तसला असेल तर शेजारून एकमार्गी व्हॉल्वचा वेगळा पाईप द्यावा लागतो. नसती भानगड.

वर्षातून दोन-तीनदाच गाडी बाहेर निघत असेल तर हाताने दाबायचा रबरी बल्बही पुरतो. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाला असतो तो. गोव्यात होड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळेल. तार नाही, फ्यूज नाही. पण तो बोनेटखाली लावू नका, चासीवर थंड जागी लावा, आणि भेगा पडायच्या आत बदला. तुम्ही गाडी खरोखर चालवता म्हणून मी इलेक्ट्रिकच सुचवतो.

जागा टाकीजवळ आणि जितकी खाली मिळेल तितकी. हे पंप ढकलायला बळकट, ओढायला कच्चे. एक्झॉस्टपासून लांब, आणि चिखल-पाण्यातून जाताना दगड लागणार नाही अशा बेताने चासीच्या आतल्या अंगाला. चासीला भोक पाडू नका. आहे त्या भोकात बोल्ट घालून दोन सूत (पाव इंच) जाडीची पट्टी बसवा आणि पट्टीवर रबरी बुशात पंप, नाहीतर टकटक सगळ्या बॉडीतून ऐकू येते. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर. पंपावर बाण असतो, तो इंजिनाकडे. हसू नका, उलटा बसवलेला पंप वर्षातून एक तरी माझ्याकडे येतो.

पाईप अडीच सुताचा आहे, म्हणजे पाच-सोळांश इंच, सुमारे ८ मि.मी. मूळ पाईप मधून कापू नका. जॉइंटपासून जॉइंटपर्यंतचा अख्खा तुकडा सोडवून तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून ठेवा. त्या मापाचा नवा तुकडा वाकवून घ्या, त्यातच पंप बसवा. उद्या कुणाला गाडी जशीच्या तशी मूळ अवस्थेत करायची झाली तर अर्ध्या तासात होईल. जिथे होज चढवायचा तिथे पाईपच्या तोंडाला कडा उठवून घ्या, सपाट तोंडावर क्लिप कितीही आवळली तरी होज दाबाने सरकतो. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे हे काम चहा संपेपर्यंत होतं. होज इथेनॉल चालणारा, छापील खूण असलेलाच. पाण्याचा किंवा हवेचा रबरी पाईप नको. स्क्रूच्या दातेरी क्लिपा होज कापतात, गोल पट्टीची पेट्रोलची क्लिप घ्या.

वायरिंग करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. तुमच्या गाडीत १२ व्होल्ट आहे तर १२ व्होल्टचाच पंप. ज्यांची एमबी अजून मूळ ६ व्होल्टवर आहे त्यांनी ६ व्होल्टचाच शोधावा. १२चा पंप तिथे एक तर हलणारच नाही, नाहीतर मुंगीच्या पावलाने चालेल. इग्निशनमधून तार काढा, तिच्या सुरुवातीलाच ५ अँपिअरचा फ्यूज, मग दाबून धरायचं बटण, मग पंप. १२ व्होल्टला दीड चौरस मि.मी. तार पुरे, ६ ला अडीच घ्या. दाबून धरायचं बटणच हवं, चालू-बंद होणारा स्विच नको. स्विच माणूस विसरतो. अपघात होऊन गाडी उलटली, पाईप तुटला, तरी तो पंप पेट्रोल ओततच राहतो. बोट उचललं की थांबणारा पंप असं करत नाही. कुणाला सतत चालवायचाच असेल त्याने मध्ये ऑईल प्रेशर स्विच घालावा, म्हणजे इंजिन थांबताच पंप थांबतो.

बटण डॅशच्या खालच्या कडेला, आहे त्याच बोल्टवर एक छोटी पट्टी लावून. वरून दिसतही नाही. अर्थिंगसाठी चासीवरचा रंग नाण्याएवढा खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस. या गाडीत पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलतात, म्हणून सीटखाली एकही जॉइंट, रिले किंवा उघडं टोक ठेवू नका.

पहिल्यांदा चालवताना गाडी उघड्यावर ढकलून आणा. गोठ्यात, बंद शेडमध्ये किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचून राहते. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. कार्बोरेटरचा पाईप सोडून टोक धातूच्या डब्यात धरा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. अर्धा लिटर मिनिटाच्या आत यायला हवं, धार सलग हवी. मग पाईप जोडा, परत बटण दाबा आणि कान द्या. सुरुवातीला टकटक जलद असते, कारण पंप हवा आणि रिकामी वाटी भरतोय. आठ-दहा सेकंदांत आवाज जड होतो, ठोके लांबतात. वाटी भरली, फ्लोटने सुई बंद केली. हा बदल ऐकायला शिका, तुमचा खरा गेज तोच. आवाज संथ झालाच नाही तर पेट्रोल भलतीकडे जातंय. बटण सोडा आणि शोधा. सगळं ठीक असलं तरी या वेळी प्रत्येक जॉइंटखाली कोरा कागद फिरवा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागदावर दिसते.

त्यानंतरची पद्धत सोपी. इग्निशन लावायचं, आवाज संथ होईपर्यंत बटण, चोक, आणि मगच स्टार्टरवर पाय. तरी सुरू झाली नाही तर दहा सेकंदांवर सेल्फ मारू नका, दोष आता पेट्रोलचा नाही, ठिणगीकडे बघा.

तुम्हाला याचा दुसरा फायदा गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात होईल. एप्रिलमध्ये खालच्या गिअरवर चढून वर थांबलात की एसी पंपातलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते, आणि डायफ्राम नुसती वाफ दाबत बसतो. पूर्वी आम्ही पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास झाडाखाली बसायचो. आता मागून थंड पेट्रोल ढकललं की वाफ पुढे सरकते. चार-पाच सेकंद पुरतात. तरीही एक्झॉस्ट आणि एसी पंपाच्या मधला पत्र्याचा पडदा जागेवर आहे का ते बघा, बहुतेक गाड्यांचा तो कधीच हरवलेला असतो.

ज्यांनी जीपमध्ये डिझेल इंजिन घातलंय, किंवा ज्यांच्याकडे शक्तिमान हा लष्कराचा डिझेल ट्रक आहे, त्यांनी यातलं काही वापरू नये. तिथे फीड पंपावर हाताची गुंडी असते, तिने फिल्टरचा आणि इंजेक्शन पंपाचा स्क्रू सैल करून एअर काढायची असते. तो विषयच निराळा.

पावसाळ्यात गाडी शेडमध्ये लावणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका. एक तर काठोकाठ भरा, म्हणजे वर ओली हवा राहत नाही, नाहीतर पूर्ण रिकामी करून सुकवा. तळाचा स्क्रू उघडून पहिलं पावशेर पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पंप बसवायच्या आधी टाकी धुवायला उतरवा. मला तर वाटतं, तुमच्या गाडीत सिरिंजच्याही आधी हेच करावं.